बायकोसाठी पहिली कॅरी गन घ्यायचीये? मग आधी तिच्या हातात देऊन बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतात, दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. वहिनी हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहेत, शिफ्ट रात्री साडेअकराला संपते आणि पार्किंग गराजमधून गाडीपर्यंत एकटीला चालत जावं लागतं. घरी पाच वर्षांची मुलगी आहे, वहिनींचे हात लहान आहेत, बजेट ६०० डॉलर. नवऱ्याने दोन नावं काढून ठेवलीयेत, ग्लॉक १९ पिस्तूल आणि स्मिथ अँड वेसनचं छोटं ५ राउंडचं (पाच गोळ्यांचं) रिव्हॉल्व्हर, आणि विचारतायत की वहिनींना कॅरी करायला, म्हणजे अंगावर बाळगायला, यातलं कुठलं घेऊ, वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय.

मी टेक्ससमध्ये पिस्तूल शिकवते, लायसन्सचे वर्गही घेते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत बायका जास्त असतात, त्यातल्या बऱ्याच जणी नवऱ्याने आणलेली गन घेऊन येतात. म्हणून आधी सरळ सांगते, दोन्ही घेऊ नका, आणि सरप्राइज तर अजिबात नको. कायद्याने गिफ्ट देता येते, तुमच्या पैशाने घेतलेली खरी गिफ्ट असेल आणि घेणाऱ्या व्यक्तीला गन बाळगायला बंदी नसेल तर त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा जसा कितीही महागाचा असला तरी उपयोगाचा नसतो तसंच हे आहे, तुमच्या हातात जी गन मस्त बसते ती त्यांच्या हातात बसेलच असं नाही आणि मग ती कपाटात पडून राहते. कपाटात पडून राहिलेली, सराव नसलेली गन घरात असणं हे गन नसण्यापेक्षा वाईट.

पुढे जायच्या आधी व्हिसाचं बोलून घेते, कारण हे वाचणारे बरेच मराठी लोक एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा) वर असतील. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून तुमचा प्रश्न नाही, पण नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने गन किंवा गोळ्या जवळ ठेवायलाच मनाई आहे, नुसती विकत घ्यायला नाही, जवळ ठेवायला. हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारून नीट समजून घ्यायचे, मित्राने सांगितलं म्हणून नाही. नवरा ग्रीन कार्डवाला आणि बायको अजून एच-४ वर असं घर असेल तर नवऱ्याने गन घेऊन "ही तुझी" म्हणणं म्हणजे दोघांनी फेलनीत (गंभीर गुन्ह्यात) पाय ठेवणं, आणि गनच्या गुन्ह्यात डिपोर्टेशनपर्यंत गोष्ट जाऊ शकते. तसंच एकाने दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी म्हणून फॉर्म ४४७३ वर (दुकानात गन घेताना भरायचा फेडरल फॉर्म) सही करून गन आणणं याला स्ट्रॉ परचेस म्हणतात, तो फेडरल गुन्हा आहे. वहिनींच्या पगारातून पैसे आणि फॉर्मवर तुमची सही, असं करू नका. त्यांनी स्वतः दुकानात जावं, स्वतः फॉर्म भरावा, स्वतःचं ग्रीन कार्ड आणि टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवावं, स्वतः पैसे द्यावे. यात अजून एक गोष्ट होते, गन पहिल्या मिनिटापासून त्यांची होते.

दुसरं, वहिनींना खरंच हवीये का ते शांतपणे विचारा. तुमच्या प्रश्नात त्यांचे हात आहेत, त्यांची शिफ्ट आहे, पण त्यांचं मत कुठेच नाहीये. कॅरी करणं म्हणजे रोज सकाळी काय कपडे घालायचे, पोरीला कडेवर कुठल्या बाजूला घ्यायचं, कुठे वाकायचं, कुठे जायचं नाही हे सगळं बदलतं. आणि वेळ आली तर माणसावर गोळी झाडायची तयारी आहे का हा प्रश्न आहेच, त्याचं उत्तर "नाही" असेल तर ते पूर्णपणे बरोबर उत्तर आहे, मग चांगला पेपर स्प्रे, हॉस्पिटलच्या सिक्युरिटीला गाडीपर्यंत सोबत करायला सांगणं (बहुतेक हॉस्पिटलमध्ये फोन केला की येतात, लोक लाजेखातर करत नाहीत), सहकाऱ्यांबरोबर एकत्र बाहेर पडणं, हे सगळं आजपासून करता येतं आणि गन घेतली तरी हे करायचंच असतं. घरात कुणी डिप्रेशनमधून जात असेल तर सध्या गन आणू नका, अमेरिकेत गनमुळे जे मृत्यू होतात त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे मी प्रत्येक वर्गात पहिल्या तासाला सांगते आणि कुणाला आवडो न आवडो सांगत राहणार.

आता त्या म्हणाल्या की हो हवीये, तर मग गन कशी निवडायची.

दुकानात गेलात की काय होतं ते मी इतक्यांदा पाहिलंय. काउंटरवरचा माणूस वहिनींशी बोलतच नाही, तो तुमच्याकडे बघून विचारतो "मॅडमसाठी का?" आणि खालच्या काचेतून एक छोटंसं, गुलाबी ग्रिपचं (मुठीचं), हलकं रिव्हॉल्व्हर काढून ठेवतो. अशा वेळी तुम्ही दोन पावलं मागे व्हायचं. खरंच, शारीरिकदृष्ट्या मागे. त्याने प्रश्न तुम्हाला विचारला तरी उत्तर वहिनींनी द्यायचं. नाही जमलं तर दुसरं दुकान, टेक्ससमध्ये दुकानांचा तुटवडा नाहीये.

छोटी, हलकी गन बायकांसाठी सोपी हा समज कुठून आला माहीत नाही पण तो उलटा आहे. गन जितकी हलकी तितका धक्का जास्त, कारण तो धक्का पचवायला गनमध्ये वजनच नसतं, सगळा मनगटात येतो. रुगर एलसीपी पावशेरापेक्षा थोडीशीच जड आहे, खिशात मावते, आणि तिच्यावर एक बॉक्स गोळ्या झाडल्या की मोठमोठे पुरुष हात झटकताना दिसतात. ॲल्युमिनियम फ्रेमचं जे-फ्रेम रिव्हॉल्व्हर, म्हणजे तुमच्या लिस्टमधलं, साधारण ४२५ ग्रामचं असतं, त्यात .३८ स्पेशल नावाची गोळी झाडायची, आणि वर डबल ॲक्शन ट्रिगर म्हणजे प्रत्येक गोळीला ट्रिगर लांब आणि जड ओढायचा, साधारण १२ पौंड. लहान हाताची, नवीन शिकणारी व्यक्ती तो ट्रिगर एका बोटाने ओढताना अख्खं मनगट खाली वाकवते आणि गोळी टार्गेटच्या खाली जाते. "रिव्हॉल्व्हर साधं असतं, जाम होत नाही" हे बऱ्यापैकी खरं आहे, पण साधं असणं आणि नेम लागायला सोपं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे-फ्रेम ही अनुभवी लोकांची गन आहे. ज्यांना संधिवात आहे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) अजिबात ओढता येत नाही, त्यांच्यासाठी मी कधीकधी रिव्हॉल्व्हर सुचवते पण तेही जड, स्टीलचं.

ग्लॉक १९ चांगली गन आहे, वाईट म्हणणार नाही, १९८८ पासून बाजारात आहे आणि उगाच इतकी टिकलेली नाही. पण तिची ग्रिप जाड आहे, दोन रांगांचं १५ राउंडचं मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) त्यात मावायचं असतं ना. लहान हाताला ती पुरत नाही. पुरते की नाही हे बघायची पद्धत सांगते, ही दुकानातच करायची.

आधी दुकानदाराला गन रिकामी करून दाखवायला सांगा, मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे लॉक, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे गोळी बसते तिथे) डोळ्याने बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. मग वहिनींनी स्वतः परत एकदा तपासायचं, दुकानदाराने तपासली म्हणून झालं असं नाही. आता उजवा हात, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जी खाच आहे ती ग्रिपच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर घट्ट बसवायची. वरून बघितलं की गनची नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड एका सरळ रेषेत दिसलं पाहिजे. तसंच धरून ठेवायचं आणि दुकानदाराची परवानगी घेऊन, सुरक्षित दिशेला धरून, बोट ट्रिगरवर न्यायचं. बोटाच्या टोकाचा मांसल भाग, पहिल्या पेराच्या आतला, ट्रिगरच्या मध्यावर आरामात पोचला तर गन मापाची. नुसतं नखाजवळचं टोक टेकतंय, किंवा बोट पोचवण्यासाठी अख्खा हात गोल फिरवून अंगठ्याच्या सांध्यावर गनची मागची बाजू आली, तर ती गन मोठी आहे, कितीही आवडली तरी ठेवून द्यायची, कारण मग सगळा धक्का त्या अंगठ्याच्या सांध्यावर बसतो आणि थोड्या वेळात तो दुखायला लागतो. बहुतेक नव्या पिस्तुलांना मागच्या बाजूला बदलता येणाऱ्या पट्ट्या येतात, सगळ्यात छोटी लावून दाखवा असं म्हणायचं, पण तीही मर्यादेपर्यंतच फरक करते.

स्लाइड. "मला ती ओढताच येत नाही, माझ्या हातात जोरच नाही" हे मी सगळ्यात जास्त ऐकते आणि दहातल्या आठ-नऊ वेळा प्रश्न जोराचा नसतो, पद्धतीचा असतो. लोक गन हात लांब करून समोर धरतात आणि स्लाइडचं मागचं टोक अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत पकडून मागे ओढायला बघतात, असं तर माझ्याच्यानेही होणार नाही. गन छातीजवळ आणायची, कोपरं अंगाला लागलेली, नळी सुरक्षित दिशेलाच, हे वळताना विसरायचं नाही कारण इथेच लोकांची नळी शेजाऱ्याकडे जाते. बोट ट्रिगरपासून लांब, फ्रेमवर सरळ. डावा पंजा वरून स्लाइडवर टाकायचा, चारी बोटं एका बाजूला आणि तळव्याचा मागचा भाग दुसऱ्या बाजूला, गोळीची रिकामी पुंगळी जिथून बाहेर पडते ती खिडकी झाकायची नाही. आणि आता डाव्या हाताने ओढायचं नाही, तो नुसता घट्ट धरून ठेवायचा, उजव्या हाताने ग्रिप जोरात पुढे ढकलायची. ढकलायला छाती, खांदा, पाठ सगळं कामाला येतं, बोटांवर भार येत नाही. स्लाइड शेवटपर्यंत मागे गेली की डावा हात झटकन सोडायचा, हळूहळू पुढे न्यायची नाही, नाहीतर गोळी अर्धवट अडकते. बायकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे येतं ना, "अरे, झालं की!", त्यासाठी मी हे काम करते.

एवढं करूनही एखादी स्लाइड जडच वाटली तर मग गन बदलायची. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी आहे, .३८० या मापाच्या गोळीसाठी २०१८ ला आली आणि नंतर ९ एमएममध्ये, नावाप्रमाणे तिची स्लाइड खरंच हलकी आहे, मॅगझिन भरायला बाजूला बटण आहे त्यामुळे अंगठा सोलवटत नाही, ८ राउंड मावतात. तिला ग्रिपच्या मागे एक दाबली जाणारी सेफ्टी आहे, हात नीट वर बसला नाही तर गोळी सुटत नाही, काही जणींना हे आवडतं आणि काही जणींचा तळवा तिथे नीट टेकत नाही म्हणून ऐन वेळी "क्लिक"ही होत नाही, तेव्हा झाडून बघितल्याशिवाय ठरवू नका. वॉल्थरची पीडीपी एफ-सीरिज २०२२ मध्ये आली, तिच्यात त्यांनी लहान हातांचा विचार करून ट्रिगरपर्यंतचं अंतर कमी केलंय आणि स्लाइड ओढायचा जोरही कमी केलाय, म्हणजे रंग बदलून बायकांसाठी म्हणून विकलेली नाही, खरं इंजिनिअरिंग केलंय, फक्त लपवायला ती जरा मोठी पडते आणि तुमच्या बजेटच्या काठावर आहे.

यावरून आठवलं, आपल्याकडे भारतात २०१४ मध्ये कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने बायकांसाठी म्हणून "निर्भीक" नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर, अर्ध्या किलोच्या आसपास वजन आणि किंमत लाखाच्या वर. हेतू चांगला असेल, पण हलकं केलं, दागिन्याच्या पेटीसारख्या डब्यात घालून दिलं की बायकांचं झालं, हा विचार तिथेही तोच आणि इथल्या काउंटरवरही तोच. हाताचं माप कुणी घेत नाही, ट्रिगर किती जड आहे हे कुणी विचारत नाही.

कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या मापावर, लोक तासन्‌तास भांडतात, मी फार वेळ देणार नाही. ९ एमएम झेपत असेल तर ९ एमएम, गोळ्या स्वस्त, सगळीकडे मिळतात, आणि सराव जास्त होतो. धक्का त्रास देत असेल तर .३८० सुद्धा ठीक आहे, फक्त .३८० मध्ये जुन्या पद्धतीच्या ब्लोबॅक गन (ज्यांत स्लाइड नुसत्या स्प्रिंगच्या आणि स्वतःच्या वजनाच्या जोरावर थांबते), वॉल्थर पीपीके वगैरे, घेऊ नका, त्यांची स्प्रिंग कडक आणि धक्का उलट जास्त लागतो. शील्ड ईझी .३८०, सिग पी३६५-३८०, ग्लॉक ४२ या लॉक्ड ब्रीच आहेत (गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेल्या असतात), त्या मऊ वाटतात. .३८० च्या गोळ्या ९ एमएमपेक्षा महाग पडतात हे धरून चाला. .४०, .४५ वगैरे पहिल्या गनसाठी विसरा.

तुमच्या परिस्थितीत मी वहिनींना या हातात देईन: सिग पी३६५ (२०१८ पासून, अर्ध्या किलोच्या आसपास, १० राउंड, ग्रिप बारीक, ट्रिगर जवळ) आणि तिची थोडी मोठी एक्सएल, ग्लॉक ४३एक्स, शील्ड प्लस, आणि ईझी. पाचही साधारण तुमच्या ६०० मध्ये बसतात, पण ६०० सगळे गनवर घालवू नका, होल्स्टर (गन अंगावर ठेवायचं कव्हर), पट्टा, दोन लॉकबॉक्स, क्लास आणि सरावाच्या गोळ्या यात सहज तेवढेच पैसे जातात. मला स्वतःला विचाराल तर लहान हाताला पी३६५एक्सएल बहुतेक वेळा बसते, पण हे माझं मत, निवड नाही.

निवड रेंजवर, म्हणजे गोळीबाराचा सराव करायच्या जागी, होते. डॅलसच्या आसपास भाड्याने गन देणाऱ्या रेंज भरपूर आहेत, एकदाच रेंटल फी भरून सगळ्या बदलून बदलून झाडता येतात अशाही असतात. कामाच्या दिवशी सकाळी जा, शनिवारी दुपारी नको, शेजारच्या लेनवर कुणी रायफल झाडत असेल तर पहिल्यांदा आलेला माणूस त्या आवाजानेच घाबरतो आणि मग आयुष्यभर प्रत्येक गोळीच्या आधी डोळे मिटतो. कानात फोमचे प्लग आणि वरून मफ, दोन्ही. बंद गळ्याचा टीशर्ट, कारण गरम पुंगळी उडून गळ्यातून आत जाते आणि माणूस हातात लोडेड गन असताना नाचायला लागतो, हे फार धोक्याचं. मंगळसूत्र, चेन आत, बांगड्या, कडं घरी ठेवा. सुरुवात .२२ ने करा, रुगर मार्क ४ किंवा तसं काही, धक्का नाही म्हणून ग्रिप, साइट, ट्रिगर याकडे लक्ष देता येतं. मॅगझिनमध्ये पहिल्यांदा एकच गोळी. मग दोन. वर सांगितलेल्या पाचातल्या प्रत्येकीच्या थोड्या थोड्या, पाच यार्डावरून, आणि टार्गेटवर कुठल्या गनच्या भोकांचा पुंजका लहान आहे ते नुसतं बघा. बहुतेकदा टार्गेटच सांगतं. आणि वहिनींना विचारायचं, "परत कुठली झाडावीशी वाटते?" सगळ्यात चांगली कुठली हे विचारायचं नाही, परत कुठली हातात घ्यावीशी वाटते ते, कारण ज्या गनचा धाक वाटतो तिचा सराव होत नाही.

वहिनी गरोदर असतील किंवा अंगावर पाजत असतील तर रेंजवर जायचं थांबवा, इनडोअर रेंजवर हवेत शिसं असतं. एरवीही आल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, कपडे बदला, मगच पोरीला जवळ घ्या.

आणि शिकवायचं तुम्ही नाही. हे मी नवऱ्यांना हात जोडून सांगते. तुम्हाला कितीही येत असलं तरी. कार शिकवताना घरात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि इथे हातात लोडेड गन असते, चिडलेल्या माणसाच्या हातात ती नको. बाहेरचा इन्स्ट्रक्टर घ्या, शक्य असेल तर बाई, टेक्ससमध्ये बायकांचे शूटिंग ग्रुप आहेत, "अ गर्ल अँड अ गन" नावाच्या लीगचे चॅप्टर आहेत, तिथे नवीन येणारीला कुणी हसत नाही. तुम्ही पोरीला सांभाळा, क्लासची फी भरा, ही मदत फार मोठी आहे. घरी ड्राय फायरचा (रिकाम्या गनचा ट्रिगर ओढायचा) सराव करताना गोळ्या त्या खोलीतच नकोत, एवढं मात्र बघा.

आता घालायची कशी. गन निवडताना बरोबरच होल्स्टर बघा, कारण आवडलेल्या गनला चांगलं होल्स्टर मिळत नसेल तर ती गन बाद. होल्स्टर कडक हवं, कायडेक्स नावाच्या टणक प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकलेला, गन परत आत घालताना त्याचं तोंड उघडं राहणारं. पुरुषांचा सल्ला इथे फारसा चालत नाही, बायकांची कंबर वर असते, कमरेला बाक असतो, घड्याळाच्या साडेतीनच्या काट्यावर, म्हणजे उजव्या बाजूला किंचित मागे, लावलेली गन बरगडीत घुसते. बऱ्याच जणींना पुढे, पोटाच्या बाजूला जमतं, काहींना नाही, बसून, वाकून, गाडी चालवून बघायला लागतं. स्क्रबला पट्टाच नसतो, नुसती नाडी, कुर्ता-लेगिंगचंही तेच, तिथे बेली बँड (पोटाला गुंडाळायची इलॅस्टिकची पट्टी) किंवा पोटाला बांधायचा वेगळा पट्टा लागतो, पण नुसत्या इलॅस्टिकच्या कप्प्यात गन घालायची नाही, ट्रिगरवर कडक कव्हर असलेलाच घ्यायचा. साडीवर मला आजपर्यंत मनासारखं काही सापडलेलं नाही, निऱ्या आणि पदर सांभाळून गन काढणं व्यवहारात जमत नाही, त्या दिवशी गन घरी लॉकमध्ये ठेवा.

पर्समध्ये नको. तुमच्या घरी पाच वर्षांची मुलगी आहे म्हणून तर नकोच नको. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोत हेडनच्या वॉलमार्टमध्ये एका दोन वर्षांच्या मुलाने शॉपिंग कार्टमध्ये बसल्या बसल्या आईच्या पर्समधून गन काढली आणि आई तिथेच गेली. ती पर्स गन ठेवायच्या वेगळ्या कप्प्याचीच होती. पर्स माणूस खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीकडे देतो, चोरही पर्सच ओढतो. गन अंगावर, नाहीतर लॉकमध्ये, तिसरी जागा नाही.

आणि आता वहिनींच्या मूळ अडचणीकडे येते, जी प्रश्नात लक्षात घेतलेली दिसत नाही. टेक्ससमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवाय कॅरी करता येतं, पण हॉस्पिटलच्या इमारतीत लेखी परवानगीशिवाय गन नेता येत नाही, लायसन्स असलं तरीही. त्यामुळे वहिनींची गन अख्खी शिफ्ट गाडीत राहणार. कंपनीच्या पार्किंगमध्ये लॉक केलेल्या स्वतःच्या गाडीत गन ठेवायला टेक्ससचा कायदा परवानगी देतो, पण जी वाट त्यांना भीतीची वाटते, दारापासून गाडीपर्यंतची, ती त्यांनी गनशिवायच चालायची आहे. हे त्यांच्याशी बोला. कदाचित त्यांना गन घर आणि बाकी वेळेसाठी हवी असेल आणि गराजसाठी सिक्युरिटीची सोबत आणि पेपर स्प्रे, आणि स्प्रेसाठीही हॉस्पिटलचा नियम विचारून घ्या. गाडीत ठेवायची तर सीटच्या फ्रेमला स्टीलच्या केबलने बांधलेला लॉकबॉक्स, ग्लव्ह बॉक्समध्ये नाही, गाड्यांमधून गन चोरीला जाणं रोजचं झालंय. बॉक्समध्ये टाकायची ती होल्स्टरसकट, पार्किंगमध्ये बसून उघडी गन हाताळायची नाही.

घरी झटकन उघडणारा लॉकबॉक्स, बटणांचा, भिंतीला किंवा पलंगाला बोल्ट केलेला, नंबर पोरीच्या वाढदिवसाचा नको. मुलाच्या हाताला लोडेड गन लागेल अशी ठेवणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. मुलीला सांगा, गन दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं, पण या सांगण्यावर विसंबून राहू नका.

लायसन्स लागत नसलं तरी एलटीसी, म्हणजे टेक्ससचं कॅरी लायसन्स, काढाच. फी ४० डॉलर, ४ ते ६ तासांचा वर्ग, ५० गोळ्यांची परीक्षा ३, ७ आणि १५ यार्डावरून, ७० टक्के लागतात, नीट शिकलेल्या माणसाला अवघड नाही. फायदा असा की शाळेपासून १००० फुटांच्या आत लोडेड गन नेण्यावर फेडरल बंदी आहे, राज्याचं लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, आणि मुलीला शाळेत सोडताना हा प्रश्न रोज येणार. (शाळेच्या इमारतीत मात्र लायसन्स असलं तरी नाहीच.) दुकानांच्या दारावर गन आत आणू नका सांगणाऱ्या ३०.०५, ३०.०६, ३०.०७ अशा पाट्या असतात, त्या वर्गात नीट समजावून सांगतात. देवळाचं विचारलं जातं म्हणून सांगते, २०१९ पासून टेक्ससमध्ये प्रार्थनास्थळात बंदी नाही, पण देवळाने पाटी लावली असेल किंवा सांगितलं असेल तर न्यायची नाही, गणपतीच्या गर्दीत पोरं अंगाखांद्यावर चढत असतात तिथे मी स्वतः नेत नाही.

सुट्टीत गाडीने न्यू जर्सीत एडिसनला नातेवाइकांकडे जाणार असाल तर गन घरी ठेवून जा. न्यू जर्सी टेक्ससचं लायसन्स मानत नाही, तिथे १० राउंडच्या वरचं मॅगझिन बेकायदा आहे आणि हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळ्यांवरही बंधनं आहेत, आणि कॅरीसाठी गोळ्या हॉलो पॉइंटच वापरायच्या असतात. न्यू यॉर्कही टेक्ससचं लायसन्स मानत नाही आणि मॅगझिनचा नियम तिथेही तोच.

शेवटचं, रेंजसाठी एक वेगळी बॅग करा आणि ती बॅग, किंवा जिच्यात कधीही गोळ्या ठेवल्या अशी कुठलीही पर्स, भारतात जाताना वापरू नका. अस्तराच्या फटीत राहिलेलं एक काडतूस दिल्ली किंवा मुंबई विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवतात, त्यात ९ एमएम तिकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य लोकांना मनाई असलेलं माप, आहे. परदेशातून आलेल्या लोकांवर अशा केसेस झाल्यायत, पुढे कोर्टात "माहीत नव्हतं" हे पटवून सुटलेही आहेत, पण सुट्टीचे तीन आठवडे वकील आणि पोलीस स्टेशनमध्ये जातात.